बुडाची बादली

१

फवारणी होऊन आठ दिवस झाले आणि नवव्या दिवशी सकाळी आत्याचा मांडव उघडा पडला.

मी मधल्या भिंतीवरून पाहिलं, तेव्हा ती हातात झाडू घेऊन उभी होती. झाडत मात्र नव्हती. पायाशी द्राक्षाच्या पानांचा खच होता. पिकून गळालेली पानं नव्हती ती. मध्ये हिरवी आणि कडेने जळून कुरकुरीत झालेली. मोहरीएवढे मणी धरलेले घड वेलावरच काळे पडले होते. त्या मांडवाखाली या दिवसांत कधी ऊन पोचत नाही. आज ते सरळ आत्याच्या पांढऱ्या केसांवर पडलं होतं.

"आत्या, काय झालं हे?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू. तूच सांग."

ती माझी सख्खी आत्या नाही. गल्लीतल्या चारही घरांची ती आत्याच. एकटी राहते आणि तिच्या परसात एकच वेल आहे, मनगटाएवढ्या जाड खोडाचा.

आमच्या परसांतल्या द्राक्षांवर दरवर्षी केवडा येतो. पानाखाली पांढरी बुरशी धरते, पानावर पिवळे डाग पडतात आणि बघता बघता घड जातात. त्यावर तांब्याचं बुरशीनाशक मारावं लागतं. एका वेलाला ते लागतं चमचाभर, आणि पिशवी मिळते अर्ध्या किलोची, तीही चांगलीच महाग. म्हणून आम्ही चार घरं मिळून एक पिशवी आणतो आणि वेलांच्या संख्येप्रमाणे खर्च वाटून घेतो. पोस्टमास्तरांचे तीन वेल, आमचे तीन, शिंप्याचे तीन, आत्याचा एक.

पूर्वी पूडच वाटून घ्यायचो. मग चमचा सपाट होता की शिगोशीग, यावरून दरवर्षी तोंडं वाकडी व्हायची. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली आहेत. तीन वर्षांपूर्वी मीच उपाय सुचवला. दहा बादल्यांच्या पिंपात त्या फवारणीची सगळी पूड एकदम कालवायची आणि वेलामागे एक बादली वाटायची. पाणी मोजताना भांडण होत नाही. शेवटची बादली आत्याची, आणि पिंपाच्या तळाशी जे काही उरेल तेही तिलाच, फुकट. हा नियमही माझाच. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

मी आत्याच्या हातातला झाडू घेतला. एवढ्यात रस्त्यावरून शिंप्याची हाक आली.

"ताई, जरा आमच्याकडे येऊन बघा. यंदा औषध नव्हतंच ते. नुसतं पाणी होतं पाणी!"

त्याच्या तिन्ही वेलांवर केवडा आला होता. पान उलटलं की बोटाला पांढरी बुरशी लागत होती.

एकाच पिंपातलं औषध. एका घरी वेल जाळणारं आणि शेजारच्या घरी अगदी निकामी.

२

दुपारी पोस्टमास्तरांच्या ओसरीवर आम्ही चौघं बसलो. पोस्टमास्तर निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची सवय काही गेलेली नाही. वही उघडून त्यांनी वाचलं, "पिशवी सीलबंद. निम्मी पूड वापरली, निम्मी दुसऱ्या फवारणीसाठी माझ्या कपाटात कुलपात. बादल्यांचा क्रम: मी, लॅबवाल्या बाई, शिंपी, आत्या."

"क्रम कशाला वाचताय?" शिंपी म्हणाला. "उघड आहे की. पंपवाल्यानं पूड मारली मधल्यामध्ये. अर्धी खिशात, अर्धी पिंपात."

पंपवाला म्हणजे पाठीवर पंप अडकवून आसपासच्या तीन गल्ल्यांत फवारणी करणारा माणूस. पन्नाशीचा, कमी बोलणारा. आमच्याकडे तो पूड कालवतो, वेळूच्या काठीने पिंप ढवळतो आणि बादल्या भरून देतो. आम्ही आपापल्या हातपंपाने फवारतो. आत्याचे हात खांद्याच्या वर जात नाहीत, म्हणून तिचा वेल तेवढा तो स्वतःच्या पंपाने फवारून देतो.

"मला वेगळंच वाटतं," पोस्टमास्तर म्हणाले. "हाच माणूस पलीकडच्या गल्लीत तणनाशक मारतो. पंप धुतला नसेल. तेच आत्याच्या वेलावर गेलं."

"म्हणजे एकाच सकाळी तो चोरही आणि निष्काळजीही?" मी विचारलं.

"का? दोन्ही होता येत नाही? आमच्या मेव्हण्याला येतं," शिंपी म्हणाला.

आत्या म्हणाली, "अरे, त्याला बोलवा तरी. त्याच्यामागे काय बोलताय?"

"बोलावणारच. रविवारी," पोस्टमास्तरांनी वही मिटली. "आत्याच्या वेलाची भरपाई मागायची आणि हिशेब करून रजा द्यायची. बाकीच्या गल्ल्यांनाही कळलं पाहिजे. लोक विश्वासानं फाटक उघडतात."

पंपवाल्याचं सगळं काम तोंडी ओळखीवर चालतं. एका गल्लीने नाही म्हटलं की दुसरी कारण विचारते, आणि तिसरी कारणही विचारत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी लगेच काही बोलले नाही. पिंपाची कल्पना माझी होती, आणि कोणी तिच्याकडे बोट दाखवलं नाही याचं मला आतून बरं वाटलं होतं.

"रविवारपर्यंत मला वेळ द्या," मी म्हणाले. "काय झालं ते शोधते."

"शोधा की," पोस्टमास्तर म्हणाले. "बाई, तुमच्यासारखं तटस्थ माणूस गल्लीत दुसरं आहे कोण?"

३

पंपवाल्याची खोली गोदामामागे आहे. तो दारातल्या पायरीवर पंप खोलून बसला होता. मी आल्याचं पाहून उठला आणि खुर्ची शोधू लागला. खुर्ची नव्हती.

"बसते मी पायरीवर. पंप कोणता वापरला होता तुम्ही?"

त्याने मागून दोन पंप आणून समोर ठेवले. एकाचं झाकण पिवळं, दुसऱ्याचं लाल. "लाल तणाचा. त्याला बुरशीचं औषध कधी शिवत नाही, ताई. नळीसुद्धा वेगळी."

मी पिवळ्या पंपाच्या तोटीला बोट लावलं. निळसर पूड लागली. त्याचं म्हणणं मला पटलं, आणि ते त्याच्या शब्दावर नव्हे. तणनाशकाने आधी कोवळे शेंडे वाकडेतिकडे होतात. आत्याच्या वेलाचे शेंडे सरळ होते. फवारणीनंतर फुटलेली दोन-दोन पानं तर स्वच्छ, तजेलदार होती. जळलं होतं ते फक्त त्या दिवशी उघड्यावर असलेलं पान. शिवाय गळालेल्या पानांवर निळा थर इतका जाड होता की नखाने खरवडून निघत होता.

म्हणजे तणनाशक नव्हे. आमचंच औषध, पण फार जास्त.

"पिंप शेवटपर्यंत ढवळत होता ना तुम्ही?"

हा प्रश्न मी विचारायलाच हवा होता. ही पूड पाण्यात मीठ-साखरेसारखी विरघळत नाही. तिचे कण नुसते तरंगत राहतात. काठी थांबली की ते तळाशी बसू लागतात.

त्याने पंपाच्या वायसरवरून अंगठा फिरवला. "हो ताई."

"नक्की?"

"तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं सगळं."

मला हवं ते उत्तर मिळालं होतं. मी पुढे काही विचारलं नाही.

निघताना तो म्हणाला, "रविवारी काय होणार आहे, ते माहीत आहे मला. पलीकडच्या गल्लीतल्या दोन घरांनी आजच कळवलं, येऊ नकोस म्हणून."

"आजच? पण बसणार तर रविवारी आहोत आम्ही."

"पोस्टमास्तर दुपारी दूध आणायला तिकडूनच जातात," तो म्हणाला.

४

माणसं काय सांगतात त्यापेक्षा पानं काय सांगतात ते बघावं, असं मी ठरवलं. त्यात सोयही होती. पानांना मला उलट प्रश्न विचारता येत नव्हता.

चारही परसांतली, साधारण तळहाताएवढी दहा-दहा पानं मी तोडून आणली. आत्याकडची अर्थात खालून उचलली. फवारणीनंतर पाऊस झाला नव्हता, नुसतं ढगाळ आणि गार होतं, म्हणून थर शाबूत होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर काचेचे चार पेले मांडले. प्रत्येक घरची पानं सारख्याच मापाच्या व्हिनेगरमध्ये खळबळून धुतली, ते पाणी पेल्यांत ओतलं आणि खिडकी उघडी ठेवून वरून अमोनिया घातला. त्यात तांबं असेल तर पाणी निळं होतं. जितकं तांबं जास्त, तितका निळा गडद.

माझी वहिनी नाकाला पदर लावून दारात उभी राहिली. भाऊ कामासाठी बाहेरगावी असतो. घरात आम्ही दोघीच.

"वन्सं, हे पेले पाहुण्यांचे आहेत."

"नंतर धुऊन देते."

"धुऊन? त्यातून मी आता माणसाला काही देणार नाही. तुमच्या भावाला देईन फार तर." मग ती पुढे आली. "अय्या, काय सुंदर निळा आहे हो. असं लुगडं मिळेल का?"

पोस्टमास्तरांचा पेला आणि आमचा पेला, दोन्ही हुबेहूब सारखे. शिंप्याचा इतका फिका की मागे पांढरा कागद धरावा लागला. आत्याचा शाईसारखा.

मी अंदाजावर थांबले नाही. आत्याच्या पेल्यातलं एक माप घेऊन त्यात दोन मापं पाणी घातलं, तेव्हा ते आमच्या रंगाला आलं. म्हणजे तिच्या पानांवर आमच्या तिप्पट. मग आमच्यातलं एक माप घेऊन तसंच दोन मापं पाणी घातलं, तेव्हा ते शिंप्याच्या रंगाला आलं. म्हणजे त्याच्याकडे आमच्या एक तृतीयांश.

आता शिंप्याने केलेल्या चोरीच्या आरोपाचा निकाल कागदावर दोन ओळींत लागत होता. शिंप्याने तीन बादल्या नेल्या, प्रत्येकीत तिसरा हिस्सा. तिन्हींत मिळून पूड एका बादलीपुरती. दोन बादल्यांची कमी. आत्याने नेली एक बादली, तिच्यात पूड तीन बादल्यांची. दोन बादल्यांची जास्त. कमी आणि जास्त तंतोतंत जुळत होतं. पिंपातून चिमूटभरही पूड बाहेर गेली नव्हती. ती फक्त खाली बसली होती.

"म्हणजे सुटला ना तो बिचारा?" वहिनीने विचारलं.

"चोरीतून सुटला."

पण पेले आणखीही काही सांगत होते. पहिले दोन सारखे, म्हणजे पहिल्या सहा बादल्या भरेपर्यंत पिंप नीट ढवळलं जात होतं. तिसरा एकदम फिका. काठी थांबली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या घराच्या मध्ये. पंपवाला मला खोटं बोलला होता.

५

शिंप्याच्या दुकानात मशीन चालू होतं आणि बाकावर दोन गिऱ्हाइकं शिवायच्या कापडाच्या घड्या मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याशी बोलताना त्याने पाय थांबवला नाही.

"तुमच्या तीन बादल्या कोणी भरून दिल्या?"

"भरून कोण देणार? मीच बुडवून घेतल्या. वरच्यावर."

"का? पंपवाला भरून देतो ना?"

"असता तर दिल्या असत्या." मशीन थांबलं. "पिंपापाशी चिटपाखरू नव्हतं. काठी आपली पिंपात उभी. इकडे गिऱ्हाइकं खोळंबलेली. किती वाट बघणार? म्हटलं, गेला असेल चहाबिहाला."

"मग परवा ओसरीवर हे का नाही सांगितलंत?"

तो कापडावरचा दोरा वेचू लागला. "स्वतःच्या हाताने घेतल्या म्हटलं असतं, तर पोस्टमास्तर म्हणाले असते, न ढवळता घेतल्यास, तुझीच चूक. ढवळायला हवं होतं मी. काठी समोरच होती. तुम्हीच तर सांगितलेलं आहे तीन वर्षांपूर्वी. मला त्या वेळी फक्त घरी जायचं होतं, ताई."

पाणी किती वेळ नुसतं उभं होतं? शिंपी गेल्यावर पंपवाला किती वेळाने परत आला? शिंप्याला माहीत नव्हतं. मी घरी आले आणि वहिनीला म्हणाले, "पंपवाला त्या सकाळी पिंप सोडून कुठेतरी गेला होता. तो कुठे गेला ते कळलं की झालं."

वहिनी भाजी निवडत होती. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"वन्सं, थट्टा करताय का?"

"का?"

"अहो, तो आपल्या मांडवावर होता की. तार नव्हता का ओढत? मधोमध लोंबली होती म्हणून तुम्हीच आणलंत ना त्याला बोलावून. चांगला पाऊण तास होता. चहा मीच दिला."

मी विसरले नव्हते. हे मला आजही नीट सांगता येत नाही. आमच्या बादल्या भरून झाल्या, त्या त्याने घरापर्यंत आणून दिल्या आणि मी म्हणाले, "आलाच आहात तर तेवढी तार ओढून द्या." तो म्हणाला होता, "पिंप तसंच आहे, ताई." मी फाटकातून रस्त्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले होते, "कोणीतरी ढवळत राहा हं." रस्त्यावर कोणी नव्हतं. पोस्टमास्तर केव्हाच परसात गेले होते, शिंपी यायचा होता. सगळं मला शब्दाशब्दाने आठवत होतं. फक्त ते या प्रकरणातलं आहे, असं चार दिवसांत एकदाही वाटलं नव्हतं. मी सगळ्यांची मापं घेत होते. स्वतःला मी मोजणाऱ्याच्या जागी ठेवलं होतं.

"आता रविवारी काय सांगणार?" वहिनीने हळूच विचारलं.

चोरी झालेली नाही, एवढं सांगितलं तरी त्याचं काम वाचलं असतं, असं मी मनाशी मांडून बघत होते.

६

रविवारी ओसरीवर पंपवाला खांबाला टेकून उभा होता. त्याला बस म्हणावं हे कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

मी चार पेले रांगेत मांडले आणि हिशेब सांगितला. कमी आणि जास्त जुळतं हे ऐकून शिंपी मान खाली घालून म्हणाला, "चोरीचं मी मागे घेतो." पोस्टमास्तरांनी पेल्यांकडे खालून वरून बघितलं.

"म्हणजे तणनाशक नाही, चोरी नाही. ढवळणं थांबलं. बरोबर?"

"बरोबर. दुसऱ्या आणि तिसऱ्या घराच्या मध्ये."

"मग प्रश्नच मिटला. ढवळायचं काम कोणाचं?" ते पंपवाल्याकडे वळले. "काठी सोडून कुठे गेला होतास?"

पंपवाल्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याच्याकडे बघत होते म्हणून ते मला कळलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

पोस्टमास्तरांनी वही ओढली. इथे गप्प बसणं सोपं होतं. त्याने स्वतःच कबूल केलं होतं, माझा तर्क बिनचूक ठरला होता आणि वहिनी घरी होती.

"तो आमच्या घरी होता," मी म्हणाले. "मी बोलावलं म्हणून. आमच्या मांडवाची तार ओढायला. पिंप तसंच आहे, असं त्याने मला सांगितलं होतं. तरी मी त्याला थांबवून घेतलं. पाऊण तास."

मग पोस्टमास्तर घसा खाकरून म्हणाले, "अहो बाई, त्यात तुमचा काय दोष? तुम्ही आपलं सहज म्हणालात. होतं असं कधी."

"हो ना, ताईंनी काय मुद्दाम थोडंच केलं," शिंपी म्हणाला.

"मुद्दाम त्यानेही केलं नव्हतं. त्याची भरपाई किती ठरली होती? वहीत लिहिलंय ना तुम्ही. त्याच ओळीत माझं नाव घाला."

"असं कसं, बाई..."

"मग त्याला रजा कशी काय देत होता?"

पोस्टमास्तरांनी टोपण घातलेलं पेन पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. आत्या इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. ती म्हणाली, "मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं, आत्या?"

"यंदाचं दाट होतं. बुडाचा पार चिखल. बादलीत पडताना आवाजच वेगळा आला." ती माझ्याकडे बघून बोलत होती. "म्हटलं, विचारावं का? मग वाटलं, सगळ्यांनी मिळून उरलेलं मला दिलंय. फुकटचं घेताना आणखी चिकित्सा कुठे करायची? तू काय म्हणाली असतीस?"

तीन वर्षांपूर्वीच्या त्या माझ्या नियमात तिला काही विचारायला जागाच ठेवलेली नव्हती, हे मला तिथे, त्या ओसरीवर कळलं. मी म्हणाले, "यापुढे पहिली बादली तुझी."

"पहिली नको नि शेवटची नको," आत्या म्हणाली. "मधली दे. आणि पैसे घे."

७

पंपवाल्याला आमच्या गल्लीने ठेवलं. पण पलीकडच्या गल्लीत पोस्टमास्तरांचं बोलणं आधीच पोचलेलं होतं. चार दिवस मी पेल्यांत रंग बघत होते; तेवढ्या दिवसांत तिथल्या पाच घरांनी त्याला नाही म्हटलं होतं. पोस्टमास्तर म्हणाले, "मी बोलेन हळूहळू." ते नोंदीत पक्के आणि माघार घेण्यात कच्चे आहेत. म्हणून सोमवारी सकाळी मीच पंपवाल्याला घेऊन निघाले.

वाटेत मी विचारलं, "मी आले तेव्हा का नाही सांगितलंत? ढवळत होता का म्हटलं, तर हो म्हणालात."

तो म्हणाला, "ताई, मी तुमच्या घरी होतो हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही विचारलंत, ढवळत होता ना शेवटपर्यंत? मला वाटलं, तुम्हाला हो हवंय."

आम्ही पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो होतो.

"दाट झालेलं मलाही दिसलं होतं," तो म्हणाला. "ओतताना. पण उशीर झाला होता, शिंपी येऊन गेलेले, पिंप कलंडवलं आणि संपवलं. आत्याचा वेल मी माझ्या हातांनी जाळला. ते काय तुमच्या पेल्यांनी धुऊन जाणार नाही."

पहिल्या घरी मी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, मला आत बसा म्हणाल्या, त्याला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. दुसऱ्या घरीही तसंच. तिसऱ्या घरच्या गृहस्थांनी कपाळाला हात लावला. "अरेरे. पण आता दुसरा माणूस ठेवला हो आम्ही. तोही गरीबच आहे." चौथ्या घरी आजोबा माझ्याशीच बोलत राहिले, पाणी तपासण्याबद्दल, त्यांच्या विहिरीबद्दल. पंपवाला फाटकाशी उभा होता. निघेपर्यंत त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाचव्या घराच्या फाटकापाशी तो थांबला.

"ताई, इथे तुम्ही बाहेरच थांबा. मी सांगतो."

"का? मी सांगितलेलं बरं नाही का?"

"तुम्ही बोलता तेव्हा मी चोरीतून सोडवून आणलेला माणूस दिसतो," तो म्हणाला. "इथे बारा वर्षं काम केलंय मी."

मी बाहेर थांबले. या घरचे तीन मोठे मांडव होते. त्याच्या सगळ्या कामात हे काम मोठं. तो आत गेला, चपला काढून पायरीखाली उभा राहिला. मालकीणबाई बाहेर आल्या. कुंपणातून मला दोघांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"औषध खाली बसलं होतं," तो सांगत होता. "पिंप ढवळायचं राहिलं. तपासून झालंय सगळं. पंप चांगला आहे, पूडही चोरीला गेली नाही."

"ते ठीक आहे रे. पण ढवळायचं राहिलं कसं? तुझंच काम ना ते?"

"माझंच. मला मध्येच दुसऱ्या कामाला बोलावलं होतं."

"कोणी?"

बाई वाट बघत होत्या. त्याने पायाच्या अंगठ्याने फरशीवरची माती बाजूला केली, पण बोलला नाही.

"हे बघ, नावच सांगता येत नसेल तर मी काय समजायचं?" बाई म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या.

मी फाटक उघडून आत गेले.